तकरार पेटी

सिल्वासाला नेमणूक होऊन आले, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकींनी दारातून हाक मारून विचारलं, "बेन, नवरा छो?" मी अतिशय सोज्वळपणे उत्तर दिलं, "नाही हो, ते चिपळूणला असतात." काकी माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. गुजरातीत 'नवरा' म्हणजे रिकामा, मोकळा. त्या मला पापड लाटायला बोलवत होत्या आणि मी त्यांना माझ्या संसाराचा पत्ता सांगत होते. पुढे वीसेक वर्षं हा किस्सा सांगून मी लोकांना हसवलं. त्यातून काही शिकायला हवं होतं, ते मात्र राहून गेलं.

मी मूळची गणिताची शिक्षिका. बरीच वर्षं अपूर्णांक शिकवले, तेही आवाज चढवून. राग माझ्या नाकावर असतो, हे माझी जुनी मुलं आजही भाजीबाजारात भेटली की हसत हसत मलाच सांगतात. मग कोणाच्या तरी मनात आलं की ही बाई मुख्याध्यापकांशी भांडते, कागद नीट लावून ठेवते आणि वर कायदाही वाचते, तर हिला कार्यालयातच आणा. तिथे नुकताच एक कक्ष निघाला होता: बालहक्क, समता आणि शालेय कारभार. नाव एवढं लांब की पाटी रंगवणाऱ्याला ते दोन ओळींत बसेना, म्हणून त्यानं 'समता' बारीक अक्षरांत घातली. कक्ष म्हणजे मी, एक कपाट आणि आठवड्यातून तीन दिवस मिळणारी जीप. जीप चालवणारे भाऊ धुळ्याकडचे. कंपनीत कामाला म्हणून इकडे आले, रात्रपाळी सोसेना, तेव्हा गाडीवर लागले. गल्लोगल्ली चार भाषा बोलल्या जाणाऱ्या या गावात त्यांनी आपली खानदेशी काही सोडली नाही.

काम मला मनापासून आवडलं. वर्गात कोण कुठे बसतं, पाण्याची कळशी दरवेळी त्याच मुलीच्या हातात का असते, समितीतले पालक बैठकीला खरोखर बसतात की नुसती सही करून जातात, हे सगळं बघत मी हिंडायची. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे की नाही, ते स्वतः आत जाऊन, कडी लावून बघायची. खेरडीच्या बाजूला एकदा आतच अडकले. पाचवीतल्या दोघींनी मला बाहेर काढलं. कडी कशी हलवली की निघते, हे त्यांना पाठ होतं, आणि हे कोणाला सांगायचं असतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ती कडी मी दुसऱ्या दिवशी बदलून घेतली.

लोकांनी सांगावं म्हणूनच तर मी पेट्या बसवल्या. शाळेशाळेत एक पेटी, आणि दर महिन्याच्या एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, पालकांसाठी आमची सुनावणी. इथल्या बहुतेक शाळा गुजराती माध्यमाच्या, तेव्हा पेट्यांवर गुजराती अक्षरं हवीत, हे मी आग्रहानं सांगितलं. मजकूरही मीच दिला: तकरार पेटी. आपली 'तक्रार', फक्त गुजराती वळणानं. आपण भाषेचा किती विचार करतो, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले होते. कार्यालयाच्या हिंदी पाटीवरचं 'शिक्षा विभाग' वाचून मी नेहमी हसायची की बघा, मुलांना शिक्षा करायचा विभाग काढलाय. दुसऱ्यांच्या शब्दांना हसायला मी पहिल्यापासून पुढे.

पेट्यांत चिठ्ठ्या येत. 'त्यानं माझं रबर घेतलं आणि नाही म्हणतो.' 'ती कालपासून माझ्याशी बोलत नाही, मी काही केलं नाही.' एका चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आमचं मिटलं आहे, आधीची चिठ्ठी फाडून टाका.' ती चिठ्ठी मी आजही जपून ठेवली आहे. आमची मुलं किती सुखी आहेत, त्यांच्या तक्रारी किती गोड आहेत, असं मी वरिष्ठांना सांगितलं आणि अहवालात मोठ्यांच्या तक्रारींपुढे लिहिलं: निरंक. महिनोन् महिने निरंक.

सुनावणीसाठी एक फॉर्म होता, तोही माझ्याच डोक्यातून निघालेला. पहिला प्रश्न: तकरार आहे का? होय किंवा नाही. 'नाही' असेल तर बाकीचे रकाने सोडून थेट खाली सही. लांबून चालत आलेल्या माणसाचा वेळ वाचावा, हा हेतू. हेतू चांगला होता, हे मी अजूनही म्हणते.

सुरंगीच्या पुढच्या एका पाड्यावरच्या शाळेत ती बाई मला पहिल्यांदा दिसली. दिवाळी होऊन गेली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं, कानात चांदीचं, आणि मागे तिच्या कोपराला धरून उभी असलेली आठवीतली मुलगी. मी माझ्या बाजारी गुजरातीत विचारलं, "कंई तकरार छे?"

"नाय बेन," ती म्हणाली. "कोनासाथे नाय. पन पोरीला..."

"पोर छान आहे," मी म्हटलं. "शाळेत पाठवत राहा हं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी फॉर्म पुढे केला. तिनं अंगठा दिला नाही, सही केली. अक्षर अक्षर जुळवत, जीभ दातांत धरून केली. मला तिचं कौतुक वाटलं आणि मी पुढच्या पालकाला बोलावलं.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली. तकरार? नाय. सही. जानेवारीत तिसऱ्यांदा आली. त्या दिवशी मुलगी ओसरीतून, खिडकीच्या गजांतून, रिकाम्या वर्गातला फळा वाचत होती. सकाळचं गणित कोणी पुसलेलं नव्हतं. तिचे ओठ हलत होते. किती हुशार मूल, असं मी मनात म्हटलं आणि आईला तसं सांगितलंही. शाळा सुटलेली होती, त्यामुळे ही मुलगी वर्गाच्या आत का नाही, हा प्रश्न मला पडलाच नाही.

परत निघालो. जीप थोडी पुढे आल्यावर भाऊ म्हणाले, "मॅडम, रागावनार नसाल तं एक सांगू?"

"सांगा."

"त्या बाईले तुम्ही काय इचारलं?"

"तकरार आहे का, ते विचारलं. दरवेळी विचारते."

"तिले वाटनं, तुम्ही इचारता का कोनाशी भांडन शे का. आठे तकरार म्हंजे भांडन. तुम्हले फरियाद म्हनायचं शे."

मी त्यांच्याकडे वळले. मग म्हटलं, "तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिलेपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मले वाटनं, तुम्हले भांडनंच मोजायची असतील," भाऊ गंभीरपणे म्हणाले. "कार्यालयाचं काय सांगता येतं?"

मला आधी पेंटरचा राग आला. मग सगळ्या गुजराती मुख्याध्यापकांचा आला, की एवढ्या जणांनी ती पेटी भिंतीला ठोकून घेतली आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मग भाऊंचा आला. मग राग करायला गाडीत दुसरं कोणी उरलं नाही. रबराच्या चिठ्ठ्या आठवल्या आणि मी कपाळाला हात लावला. भांडणांच्या पेटीत मुलांनी इमानानं भांडणं टाकली होती. मोठ्यांनी काहीच टाकलं नाही, कारण आपलं भांडण आहे असं सरकारला लेखी कोण कळवील?

"गाडी वळवा," मी म्हटलं.

मायलेकी रस्त्याच्या कडेनं पाड्याकडे चालल्या होत्या. मी उतरले. ती घाबरली, तिला वाटलं सहीत काही चुकलं. मी विचारलं, "फरियाद छे?"

"छे ना बेन," ती म्हणाली. "केव्हाची छे."

आणि मग तिनं तिथेच उभं राहून सगळं सांगितलं. पावसाळा सरला की पाड्यावरची माणसं गवतकापणीला बाहेर जातात, तशी तीही घरच्यांना घेऊन गेली. दिवाळीनंतर परत आली आणि पोरीला शाळेत घेऊन गेली, तर सर म्हणाले, आता खूप बुडलं, जूनमध्ये ये. तेव्हापासून पोर घरी. मोठी मुलगी गलोंड्याला कंपनीत पॅकिंगला जाते. मावशी मागे लागली होती की हिलाही नेते, वय जास्त सांगू, काही होत नाही. "मी सांगितलं, थांब," ती म्हणाली. "सिल्वासाच्या बेन येतात. त्या लिहून नेतात."

"मग मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात?"

"तुम्ही पुसलं, भांडन हाय का. हाय सांगितलं असतं, तर सरांनी पोरीला कधीच नसतं घेतलं. मी कशाला भांडू? मला पोर बसवायची हाय."

ती बोलत होती आणि मुलगी मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मला रडू आलं. मी रडकी नाही, पण त्या दिवशी भर रस्त्यात मला रडू आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. भाऊ दुसरीकडे बघत राहिले.

सोमवारी सकाळी शाळा उघडायच्या आत मी मुख्याध्यापकांपुढे उभी होते. वलसाडकडचे गृहस्थ, बोलायला मऊ. मी आले की चहात आलं जास्त घालायला सांगणारे. मूल वर्षात केव्हाही आलं तरी वर्गात घ्यायचं असतं, हे मी त्यांना प्रशिक्षणात किती वेळा ऐकवलं होतं. त्यांनी तेव्हा मान डोलावली होती.

"बेन, मी तर तिचं सारुंच, भलंच बघितलं," ते म्हणाले. "एवढं बुडलेलं. परीक्षेत पडली असती तर पोर मनातून पडली असती. जूनमध्ये नव्यानं बसली असती."

"जूनपर्यंत ती कंपनीत गेली असती."

कायद्याचं कलम माझ्या ओठांवर आलं होतं, पण तोंडातून निघेना. ही मुलगी तीनदा माझ्यासमोर उभी होती आणि मी तिच्या आईला 'शाळेत पाठवत राहा' असा उपदेश केला होता. मी त्या भल्या माणसाला कोणत्या तोंडानं बोलणार? मी फक्त विचारलं, "पेटीवर तकरार लिहिलंय, ते तुम्हाला चुकीचं वाटलं नाही?" ते म्हणाले, "वाटलं ना. पण वरून आलेलं. मला वाटलं, पोरांच्या मारामाऱ्यांसाठी असेल. सारी, म्हणजे चांगली योजना आहे, मी मनात म्हटलं." मग त्यांनी हजेरीपुस्तक काढलं आणि तिचं नाव माझ्यासमोर पुन्हा लिहिलं. मुलगी आली तेव्हा तिसऱ्या बाकावरची धूळ त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसली.

पेट्या पुन्हा रंगवल्या: फरियाद पेटी. आठवड्याभरात चिठ्ठ्या यायला लागल्या, त्यांत रबरं नव्हती. त्या वाचताना माझी झोप उडाली, पण ती हकिगत वेगळी आहे.

फेब्रुवारीतल्या सुनावणीला ती बाई आली, तेव्हा मी मनातून फुलले होते. आभार मानायला आली असणार. मुलीच्या पाठीवर दप्तर होतं. मी अगदी ठसक्यात विचारलं, "फरियाद छे?"

"छे."

"कोणावर?"

"तुमच्यावर."

मुख्याध्यापकांचा कप ओठांशी थांबला. मी हसले, कारण मला वाटलं ती थट्टा करते आहे. ती हसत नव्हती. ना राग होता, ना आवाज चढलेला. रस्त्यावर तिची फरियाद ऐकताना मी फॉर्मची जी रीत समजावून सांगितली होती, तिला धरूनच ती बोलत होती. माझे कान तापले. 'आता पुरे झालं हं' असं म्हणायला जीभ वळवळली, आणि तोंडात मारल्यासारखं माझ्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत या पेटीसमोर पहिल्यांदाच कोणीतरी मला हवं तसं वागत आहे. मी पेन उघडलं. 'कोणाविरुद्ध' या रकान्यात माझं पूर्ण पदनाम लिहिलं. ते एका ओळीत मावलं नाही.

"काय झालं?" मी रकाना वाचला.

"तीनदा आली. ऐकलं नाय."

"काय व्हावं असं वाटतं?"

"पोरीचे तीन महिने परत द्या."

"ते कसे देणार मी?"

"ते मला नाय ठाव," ती म्हणाली. "तुम्ही लिहा."

मी लिहिलं. कार्यालयात तो कागद वर गेला तेव्हा तिथे थोडी खसखस पिकली, थोडी चिंताही झाली. वरिष्ठ म्हणाले, हे काढून टाका, शोभत नाही. मी काढलं नाही. पण महिने परत कसे द्यायचे, याचं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं. माझ्याकडे द्यायला माझे शनिवार होते आणि जुनं गणित होतं.

मग दर शनिवारी दुपारी मी पाड्यावर जाऊ लागले. अंगणात चटई, मांडीवर वही. इतक्या वर्षांनी शिकवायला बसले तर आवाज आपोआप चढू लागला. तिसऱ्या शनिवारी मुलगी शांतपणे म्हणाली, "बेन, तुम्ही मोठ्यानं बोललात तरी उत्तर तेच येतं." ओसरीतून तिची आई खुदकन हसली. मी रागावायचा प्रयत्न केला, जमलं नाही. माझी गुजरातीही ती दुरुस्त करी. मी चुकले की डोळे मिटून घ्यायची, आणि मग बरोबर शब्द हळूच सांगायची. चार वाजता नागलीची भाकर आणि मिरचीची चटणी पुढे येई. भाऊ आंब्याखाली झोपलेले असत, ते चटणीच्या वासानं बरोबर उठत. त्या घराचा मला लळा लागला. शुक्रवारपासूनच मला शनिवारचे वेध लागत.

कंपनीतली शिफ्ट संपवून मोठी बहीण आली की उंबऱ्याशी बसे. हात धुतलेले, पाय पसरलेले, नजर वहीवर. एकदा मी धाकटीला उदाहरण घातलं आणि ती विचार करत असताना उत्तर उंबऱ्यावरून आलं. बरोबर होतं. आम्ही तिघी तिच्याकडे वळलो तशी ती उठून घरात गेली आणि चुलीजवळ उगाच भांडी वाजवू लागली. त्यानंतर मी वह्या दोन न्यायला लागले. मोठीची वही बरेच दिवस कोरीच राहिली, पण ती तिनं मला परत दिली नाही.

धाकटी परीक्षेला बसली. निकालाच्या दिवशी मी शाळेत गेले ते माझ्यावरच्या फरियादीची फाइल घेऊनच. पास. गणितात तर वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पुढे. माझा जीव भांड्यात पडला. मुख्याध्यापकांनी पेढे मागवले, भाऊंनी दोन उचलले. मुलगी धावत जाऊन गुणपत्रिका आईला दाखवून आली आणि मैत्रिणींच्या घोळक्यात शिरली. तिचं हसणं मला आत ऐकू येत होतं.

आमच्या नियमानुसार फरियाद मिटली की फरियाद करणाऱ्यानं 'निकाली' या शब्दाखाली सही करायची. ती बाई शाळेच्या पायरीवर बसली होती. मी फाइल उघडून तिच्यापुढे धरली, पेन दिलं.

"इथे सही करा, ताई. झालं आपलं काम."

तिनं पेन हातात घेतलं. कागदावर बोट फिरवत माझं ते लांबलचक पदनाम, खालचे रकाने, सगळं सावकाश पाहिलं. मग पेन टोपण लावून माझ्या हातात परत ठेवलं.

"सही नाय करत."

"का? पास झाली ना?"

"झाली ना. चांगली झाली."

"मग आता काय राहिलं?"

"तीनदा सही केली मी," ती म्हणाली. "सही केली का तुम्ही जाता."

भाऊंनी जीप सुरू केली होती. मी त्यांना हातानं बंद करायची खूण केली, फाइल मिटली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"बोला," मी म्हटलं.